आतडेमहाराजांच्या दोन वाट्या

"बघा, बघा! रंग थेंबभरही खाली उतरला नाही!" महाराज गरजले.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेतली माझी धाकटी बहीण तर उभीच राहिली. आतड्याच्या दुखण्यावरच्या गोळ्या तिने चार दिवसांपूर्वी बंद केल्या होत्या. कशासाठी? आतडेमहाराजांच्या भारलेल्या पाण्यासाठी!

टेबलावर काचेचे दोन पेले, प्रत्येकात बसवलेली एक चिमुकली वाटी. वाटीचा तळ म्हणजे बारीक छिद्रांचा पडदा, त्याखाली साधं पाणी. "पडद्यावर रोगी आतड्याच्या पेशी आहेत," महाराज डोळे मिटून वदले. दोन्ही वाट्यांत निळा रंग पडला. एकीखालचं पाणी निळं झालं. दुसरीत भारलेलं पाणी होतं, तिच्याखाली मात्र स्वच्छ. "गळकं आतडं सांधलं!"

चौदा वर्षं मी प्रयोगशाळेत अशाच वाट्यांत पेशी वाढवते. सलग थर जमायला तीन आठवडे लागतात, आणि ऊब जरा कमी झाली की पेशीबाई रुसल्याच. हे महाशय असल्या पेशी पिशवीत घालून आले होते म्हणे!

मी सरळ व्यासपीठावर गेले. "महाराज, पेशी नसलेली वाटी कुठाय?"

"ती कशाला?"

"तुलनेला. नुसत्या पडद्यातून रंग किती झिरपतो, ते आधी बघतात."

"ताई, श्रद्धेला तुलना नसते."

मी वाकून पाहिलं. भारलेल्या पाण्याच्या वाटीच्या तळाखाली हवेचा चांगला टपोरा बुडबुडा! वाटी सरळ वरून ठेवली की हवा अडकते, पडदा पाण्याला टेकतच नाही, मग रंग उतरणार कुठून? नवशिके चुकून करतात. हा गृहस्थ मुद्दाम करत होता.

मी वाटी उचलली, तिरकी करून पुन्हा सोडली. बुडबुडा निसटला. पाच मिनिटांत खाली निळंशार.

"नकारात्मक लहरी!" महाराज किंचाळले.

"वाटी तीच, तुमचं पाणी तेच. फक्त हवा गेली."

बहिणीने माझा हात घट्ट धरला. "ताई, तुला सांगितलं नाही गं... काल शौचातून रक्त पडलं."

 तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "ताबडतोब घेऊन या," ते म्हणाले. आम्ही निघालो, तर दाराशी बाटल्यांसाठी रांग तशीच!

अहो, शहाणे ना तुम्ही? चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारा: हाच प्रयोग आमच्या हातानं पुन्हा करू द्याल? टाळाटाळ केली तर उठा आणि घरी जा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.