मुखबिराची बायको

साल एकोणीसशे साठ, उन्हाळ्याचे दिवस. भिलाईत पॉवर हाउसजवळच्या मजुरांच्या चाळीसमोर बाजेवर जुनं धोतर अंथरून तिघी बाया मूगवड्या घालत होत्या, आणि अन्नपूर्णा सिनेमा सांगत होती.

तिचा नवरा पुंडलिक तंबू-टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. तिला फुकट बसायला मिळे, आणि पाहिलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी चाळीला सांगणं हे तिचं कामच होऊन बसलं होतं.

"तं त्या टोळीत एक मानूस पोलिसायचा मुखबिर असते. संग खाते, संग पेते, आन् सगळं तिकडं सांगते."

"कोन्ता? मिशीवाला?" शेजारच्या कौशल्यानं विचारलं.

"दोघंही मिशीवालेच हायेत वं. एकाले गोळी लागली तं मी रडलो, मंग समजलं का हा तो नोहेच."

कौशल्या पोट धरून हसली. कमला मात्र हसली नाही. ती चाळीतली नवी सून, दिवस गेलेली. वाटलेली डाळ तशीच बोटांत धरून तिनं विचारलं, "काकू, त्या मुखबिराच्या बायकोचं काय झालं?"

अन्नपूर्णेनं आजवर कितीतरी सिनेमे सांगितले होते. बाया हिरोइनचं विचारत, तिच्या दागिन्यांचं विचारत. हे कुणी विचारलं नव्हतं. आणि सिनेमातल्या त्या माणसाला बायकोच नव्हती.

तिनं कमलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला उमगलं. कमलाचा नवरा लहानू आणि कौशल्याचा नवरा गुलाबराव एकाच ठेकेदाराच्या गोदामात खलाशी, म्हणजे माल चढवणारे-उतरवणारे मजूर, होते. गोदामातली तांब्याची तार ट्रकात लपून बाहेर जाते, त्यात गुलाबरावाचा हात आहे, हे चाळीला ठाऊक होतं. आधीच्या चौकीदारानं तोंड उघडलं, तर तो रुळांजवळ पाय मोडलेला सापडला होता. आणि गेल्या आठवड्यात लहानूला ठाण्यात बोलावलं होतं.

कौशल्याचाही हात थांबला होता. हा प्रश्न सिनेमातला नाही, हे तिच्या ध्यानात यायला नको होतं.

ही तीच कौशल्या. अन्नपूर्णा टायफॉइडनं पडली तेव्हा तिच्या तान्ह्या लेकीला, हिराला, हिनं आपल्या अंगावर पाजून जगवलं होतं.

"होती ना बायको," अन्नपूर्णा म्हणाली. "सांगाचीच राह्यली. हिरव्या काठाचं लुगडं, हातात कंदील. सिनेमा तं तिचाच हाये."

"मंग? काय झालं तिचं?" आता कौशल्यानं विचारलं.

"दारात उभी राह्यते. त्याची वाट पाहत."

कौशल्यानं घातलेली वडी जरा मोठीच पडली. "सिनेमा तिचा, आन् तू इतका वेळ तिचं नावच नाई काढलं? शनिवारी बायाले अर्धं तिकीट असते. मी सोताच पाहून येतो."

रात्री जेवताना अन्नपूर्णेनं पुंडलिकाला सगळं सांगितलं. "एक रीळ गाळा. मंग मी म्हनतो, थे बाई त्यातच होती."

"पब्लिक खुर्च्या मोडन. आन् मालक मले मोडन."

"लहानूचे पाय मोडले मंग?"

पुंडलिकानं घास खाली ठेवला. "आन् गुलाबराव जेलात गेला मंग? हिरा कोनाच्या दुधावर वाचली वं?"

तिनं त्याच्या ताटात भाकर वाढली. तो काय करणार ते तिला शनिवारपर्यंत कळलं नाही.

शनिवारी तंबू भरला. सिनेमा रंगात आला आणि पडदा एकाएकी पांढरा झाला. शिट्ट्या सुरू झाल्या. "ए पुंडलिक, झोपला का बे?" पुन्हा चित्र आलं, तर मघाशी टोळीच्या सरदाराच्या गळ्यात गळा घालणारा आता खांबाला बांधलेला.

"हा चोर होय का पोलिस?"

"अवं, हा तं मेला होता ना?"

बाया एकमेकींना विचारत राहिल्या, कुणालाच धड कळेना. पुंडलिक हाताला रुमाल बांधून बाहेर आला आणि ओरडला, "रीळ जल गया, भाई!"

कौशल्या पडद्याकडे पाहतच नव्हती. ती अन्नपूर्णेकडे पाहत होती.

"त्यातच होती काय थे बाई?"

"हो. त्यातच."

"हं," कौशल्या म्हणाली.

सोमवारी मालकानं पुंडलिकाला काढून टाकलं. ते रीळ घरात अन्नपूर्णेच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली होतं.

पावसाळा सरल्यावर अहिवाऱ्याच्या रस्त्यावर तारेचा ट्रक पकडला गेला, त्यात गुलाबराव होता. खबर कुणी दिली? कुणी ड्रायव्हरचं नाव घेतलं, कुणी गोदामातल्या बाबूचं. काहींनी तर बेकार बसलेल्या पुंडलिकाचंही घेतलं. लहानूचं कुणी घेतलं नाही.

कौशल्या पोरांना घेऊन नागपूरला भावाकडे निघाली. स्टेशनवर अन्नपूर्णेनं वड्यांचं गाठोडं तिच्या हातात दिलं.

"रीळ जळालं नव्हतं ना वं?" कौशल्यानं विचारलं.

अन्नपूर्णेनं खिडकीतून धाकट्या पोराच्या गालावरून हात फिरवला.

"कमलेनं विचारलं, तवाच मले समजलं होतं. मी आमच्या ह्यायले काईच बोललो नाई."

"काहून नाई बोलली वं?"

कौशल्यानं गाठोडं सीटखाली सरकवलं, धाकट्याचं नाक पुसलं, पदर नीट केला. गाडी सुटली.

गुलाबराव सुटून आला, पण फार जगला नाही. कौशल्यानं लोकांची धुणीभांडी करून पोरं वाढवली. हिराच्या लग्नाला ती आली, हिरा पाया पडली तेव्हा रडली; सिनेमाचा विषय निघाला नाही. लहानू-कमलाला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं. लहानू जन्मभर दाराकडे तोंड करूनच जेवला. खबर त्यानंच दिली का, हे अन्नपूर्णेनं कधी विचारलं नाही. पुंडलिक कारखान्यात लागला, रिटायर झाला, गेला. त्या शनिवारनंतर तो कुठल्याच सिनेमाला गेला नव्हता.

पुष्कळ वर्षांनी एका रविवारी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. अन्नपूर्णा चष्मा लावून पुढे सरकून बसली. मिशीवाले दोघं आले, तिचा पुन्हा घोटाळा झाला. गोळी सुटली, शेवटची पाटीही आली.

हिरा टीव्ही बंद करायला उठली.

"थांब जराशीक," अन्नपूर्णा म्हणाली. "थे कंदीलवाली अजून आलीच नाई."