दुसरा घाणा

त्या दुपारी घाणा एक झाला होता की दोन, हे मला नक्की आठवत नाही. आणि माझं सगळं आयुष्य तर त्या एका प्रश्नाभोवतीच फिरलं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे, त्यातलं किती मी स्वतः पाहिलं आणि किती माझ्या मालकांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकून मला खरं वाटू लागलं, हे मला वेगळं करता येत नाही. ऐकणाऱ्याने थोडं सांभाळून घ्यावं.

मी सेलूच्या मधुकररावांच्या टिनाच्या शेडमधली पिवळी गाडी बोलतेय. निदान मी गाडी आहे, असं मी समजते. माझा खालचा लोखंडी सांगाडा एका जुन्या हेराल्ड मोटारीचा. ती हिंगणघाटच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे होती. तिचा पत्रा गंजून गळून पडला, तेव्हा मधुकररावांचा धाकटा भाऊ चंद्रभान याने सांगाडा आणि इंजिन तेवढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणलं. माझं वरचं अंग मात्र पुण्याच्या एका लहान कारखान्यातून आलं. फायबरचे पाच तुकडे, भाताच्या तणसात बांधलेले. घरी नेऊन जोडून घ्या, असा तो प्रकार होता.

मग माझं वय कुठून मोजायचं? लोखंडाला हिंगणघाटचे खड्डे आठवतात, फायबरला तणसाचा वास आठवतो. दोघांचं कधी जमलं आणि त्यांची मिळून ‘मी’ कधी झाले, हे मला अजून उमगलेलं नाही.

पाच तुकड्यांपैकी चार नीट आले. पाचवा म्हणजे माझं नाक, पुढचा सगळा भाग. तो वाटेतच फुटला होता.

“घरीच करू,” चंद्रभान म्हणाला. “तू शिकेल माणूस, औषध तू मोज. हात मी चालवतो.”

मधुकरराव तेव्हा वर्ध्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. नुकतीच पीएच.डी. झाली होती. चंद्रभान शेती पाहायचा, आणि त्याच्या हाताला वळण असं की मोडकी वस्तू त्याच्याकडे पाहूनच निम्मी दुरुस्त व्हायची. फुटलेल्या तुकड्यांवरून दोघांनी प्लास्टरचा साचा केला. त्यात काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिच्यावर चिकट रेझिन ब्रशने भरायचं, ते वाळलं की पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. रेझिनमध्ये ड्रॉपरने हार्डनरचे थेंब मोजून टाकावे लागतात. थेंब जास्त झाले तर ते मगातच दगड होतं. कमी झाले तर आतून कायमचं मऊ राहतं. त्यात वर्ध्याचा मे महिना. थोडं थोडं कालवायचं आणि झटपट संपवायचं. एका वेळी कालवलेल्या मिश्रणाला चंद्रभान ‘घाणा’ म्हणायचा, भज्यांचा असतो तसा.

शेवटच्या दिवशी दोन बिजागऱ्या मॅट-रेझिन भरून बसवायच्या राहिल्या होत्या. नाक खाली सांगाड्याला जिथे धरलं जातं, तिथली एक डावी, एक उजवी. मधुकरराव थेंब मोजत होते. अठरा, एकोणीस. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी विचारलं, “चहात साखर टाकू का गूळ?”

“गूळ,” मधुकरराव म्हणाले, आणि आकडा विसरले.

त्यांनी अंदाजाने आणखी काही थेंब टाकले. चंद्रभानला बोलले नाहीत. एवढा शिकलेला माणूस, थेंब मोजता येऊ नयेत, याची त्यांना लाज वाटली. हा दुसरा घाणा होता, तो सुलोचनाबाईंच्या स्टीलच्या गिलासात कालवला होता, आणि त्यातूनच माझी उजवी बिजागरी भरली गेली, असं मधुकररावांना पक्कं आठवतं. उरलेलं रेझिन गिलासातच ब्रशसकट गोठलं, असं सगळे धरून चालले. माहेरचा गिलास गेला म्हणून सुलोचनाबाई कितीतरी दिवस बोलत होत्या. शेवटी त्यांनी तो स्वयंपाकघराच्या दाराला अडकण म्हणून लावला. वाऱ्याने दार आपटत नाही, एवढा तरी उपयोग.

मला तुरीच्या फुलाचा पिवळा रंग दिला. दोन वर्षं मी सेलूच्या रस्त्यांवर मिरवले. लोक थांबून बघायचे. “गाडी नोहे, बिस्किटाचा डबा व्हय,” असं एकदा पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं, तर चंद्रभानने उतरून त्यालाच वर्ध्यापर्यंत फिरवून आणलं.

मग एका सकाळी कालव्याजवळच्या वळणावर माझी उजवी बिजागरी उकलली. नाक तिरकं झालं, चाकाखाली गेलं, आणि मी चंद्रभानला घेऊन खड्ड्यात उतरले. त्याचा डावा गुडघा गेला. तो पुन्हा कधी नीट वाकला नाही.

दवाखान्यात भावाला पाहून तो हसून म्हणाला म्हणे, “काय प्रोफेसर, औषध मोजताना डोळा लागलता काय?”

हे मी ऐकलेलं नाही. मी तेव्हा खड्ड्यात होते. पण मधुकररावांनी माझ्याजवळ बसून ते वाक्य इतक्या वेळा उच्चारलं की आता मला ते चंद्रभानच्या आवाजात ऐकू येतं.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. चंद्रभान सासऱ्याची शेती पाहायला अल्लीपूरला गेला. लग्नाकार्यात भाऊ भेटायचे, पावसाचं बोलायचे, तुरीचं बोलायचे. गाडीचा विषय दोघेही टाळायचे. मला ओढून शेडमध्ये लावलं. पुढे दरवर्षी दिवाळीनंतर माझ्यात छतापर्यंत कापूस भरायचे. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मी गाडी आहे, कोठी आहे की खुराडं, हा एक नवा गोंधळ सुरू झाला.

मधुकररावांना मी शेडच्या फटीतून पाहायची. ते घराचं कुलूप तीनदा ओढून बघायचे. बसथांब्यापर्यंत जाऊन गॅस बंद केला का, हे पाहायला परत यायचे. कॉलेजात म्हणे प्रत्येक वस्तू तीनदा तोलायचे. लोक त्याला प्राध्यापकाचा विक्षिप्तपणा म्हणत. मला मात्र माहीत होतं की ते अजून त्या विसाव्या थेंबापाशीच उभे आहेत.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, साथीचा काळ ओसरला तेव्हा, घरात मास्क उरले होते. त्यातला एक लावून मधुकरराव स्टूल घेऊन शेडमध्ये आले. कापसाच्या काड्या झाडल्या, गंज खरवडला, तडकलेला फायबर घासून नवी मॅट चढवली. इथपर्यंत मला समजत होतं. पुढे त्यांनी माझ्यात जे बदल सुरू केले, ते काही केल्या समजेनात. चालकाच्या बाजूचा दरवाजा वीतभर रुंद केला. सीट दरवाजाकडे फिरेल अशी केली. पायातला क्लच काढून, स्कूटरला असतो तसा हाताचा दांडा बसवला. मला वाटलं, ही म्हातारपणाची तयारी. पण मधुकररावांचे गुडघे ठणठणीत. रोज कालव्यापर्यंत चालून येतात.

सुलोचनाबाई चहा घेऊन आल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

“क्लच हातात काऊन घेतला?”

“सोय.”

“कोनाची?”

“गाडीची.”

“गाडीले गुडघे असतेत काय?” त्या म्हणाल्या, आणि कप टेकवून गेल्या.

सगळं झालं, तरी नाक त्यांनी शेवटपर्यंत उघडलं नाही. उजव्या बिजागरीवर कपडा टाकून ठेवला होता. एका सकाळी तो काढला आणि ग्राइंडर लावला. आत मऊ, चिकट रेझिन निघेल याची त्यांना खात्री होती. थेंब कमी पडले होते, याचा पुरावा.

आत रेझिन टणक होतं. पण काचेची मॅट नव्हती. कापड होतं. मधुकररावांनी एक धागा ओढून काडीने पेटवला. काच जळत नाही. हा धागा जळला, आणि जळक्या कागदाचा वास आला.

त्यांनी हाक मारली. सुलोचनाबाईंनी चष्मा सारखा केला. कापडाच्या कडेला निळा काठ दिसत होता.

“हा तं माह्या अभ्र्याचा काठ होय,” त्या म्हणाल्या. “माहेरची खादी. भाऊजीनं मागतला होता. मले वाटलं, हात पुसाले पाह्यजे असन.”

सूत पाणी पितं. दर पावसाळ्यात ते फुगलं असेल, थर सुटत गेले असतील. मधुकररावांनी हे मला, म्हणजे बॉनेटकडे बघत, समजावून सांगितलं. आता तरी त्यांचा चेहरा मोकळा होईल, असं मला वाटलं. झाला नाही.

“कापड असेलच,” ते म्हणाले. “पण म्हणून माझे थेंब बरोबर होते असं होत नाही. इतक्या वर्षांच्या उन्हात कच्चं रेझिनही टणक होतं. दोन कारणं एकत्र असू शकतात.”

“तुमचं कोनतंच दुखनं एकटं येत नाई,” सुलोचनाबाई म्हणाल्या आणि आत जाऊन अल्लीपूरला फोन लावला. मला खिडकीतून ऐकू आलं. “भाऊजी, येऊन जा एकडाव. तुमच्या भावानं गाडी खोलली, अन् आता त्याह्यलेच बंद करता येऊन नाई राह्यली.”

चंद्रभान काठी टेकत आला. त्याचे केस पूर्ण पांढरे झाले होते. त्याने माझ्या छतावर हात ठेवला. “या डब्ब्याले अजून ठेवलंस तू?”

मधुकररावांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गूळ, साखर, विसरलेला आकडा, दवाखान्यातलं वाक्य. वर्गात शिकवताना असायचा तसा आवाज ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो राहिला नाही.

चंद्रभानने काठी माझ्या दाराला टेकवली. “मी असं म्हनलो?”

“म्हणालास.”

“म्हनलो असन. मले काईच याद नाई. दवाखान्यात मी सगळ्याइचीच गंमत करत होतो, रडू नये म्हनून.” मग त्याने उकललेलं कापड चाचपलं. “हे मीच लावलं असन. मॅट सरली असन. घाणे कितीक झाले, थे आता कोनाले याद राह्यते? पण तू हे बत्तीस वर्सं पोटात धरून बसला, अन् एक फोन नाई केला?”

“भीती वाटली. तू हो म्हणाला असतास तर?”

“अन् मले वाटे, मी गाडी आपटली म्हनून तुले राग आला. म्हनून तू बोलत नाई.”

दोघांनी मिळून माझ्यावरून एक गोष्ट विसरायची ठरवली होती, आणि ती गोष्ट दोघांची वेगवेगळी निघाली. मी कोणाच्या बाजूची, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

नवी उजवी बिजागरी दुसऱ्या दिवशी भरली. डावी जुनीच ठेवली, तिला काही झालं नव्हतं. ड्रॉपर मधुकररावांनी धरला, आणि चंद्रभान खुर्चीवर बसून मोठ्याने थेंब मोजू लागला. अकरा, बारा. सुलोचनाबाई दारात आल्या.

“वहिनी,” तो मान न वळवता म्हणाला, “आता काईच इचारू नका. बिनसाकरेचा बी चालते.”

नाक बसलं, तेव्हा मधुकररावांनी दरवाजा उघडून सीट बाहेर फिरवली. चंद्रभान आधी त्यावर टेकला, मग सीटसकट आत वळला. ताठ डावा पाय कुठेही न अडखळता आत गेला. त्याच्या हाताला क्लचचा दांडा लागला. त्याने तो दोनदा दाबून पाहिला.

“हे माह्यासाठी केलं?”

“सोय,” मधुकरराव म्हणाले.

चंद्रभानने मला सुरू केलं आणि आम्ही कालव्यापर्यंत जाऊन आलो, बैलाच्या चालीने. वळण आलं तेव्हा शेजारी बसलेल्या मधुकररावांनी डोळे मिटून घेतले होते.

त्यालाही आता चार वर्षं होत आली. माझ्यातले बदल आरटीओच्या कागदावर चढायचे राहिलेत, म्हणून मी शेतरस्त्याच्या पलीकडे जात नाही. चंद्रभान महिन्यातून एकदा येतो. मधुकरराव निघण्यापूर्वी उजव्या बिजागरीचा बोल्ट अजून तीनदा ओढून बघतात. आपले थेंब चुकले होते ही शंका त्यांनी सोडलेली नव्हती. भावाने माफ केलं म्हणून मोजणं बरोबर ठरत नाही, असं ते म्हणायचे. मला त्यांचं पटायचंही आणि पटायचंही नाही.

माझं मागणं एवढंच आहे. तुमच्याकडे एखादी जुनी शंका झाकून ठेवलेली असेल, तर ती ज्याची आहे त्याला एकदा दाखवा. त्याच्याकडे कदाचित दुसरा अर्धा भाग असेल, आणि तोही तो झाकूनच बसला असेल.

यंदा तान्हा पोळा झाल्यावर चंद्रभान आला तो पत्र्याची पेटी घेऊन. जुन्या काळी कापसाच्या जिनिंग गिरणीवाले दिवाळीला डायऱ्या वाटायचे, त्यात तो रोज दोन ओळी लिहायचा आणि ते स्वतःच विसरला होता. सत्त्याऐंशीची डायरी त्याने माझ्या बॉनेटवर उघडून ठेवली आणि भावाच्या हातात चष्मा दिला. मे महिन्यातल्या त्या दिवसाखाली लिहिलं होतं: ‘आज नाक झालं. दोन्ही बिजागऱ्या पहिल्याच घाण्यात भागल्या. मॅट सरली म्हणून उजवीले वहिनीचं कापड. वरून चढवाले दुसरा घाणा केला, तो गिलासातच गोठला, वाया गेला. वहिनी कावली.’

मधुकररावांनी ते तीनदा वाचलं. मग ते स्वयंपाकघराकडे गेले आणि दाराची अडकण काढून आणली. गिलास काठोकाठ भरलेला होता, ब्रश उभाच्या उभा. त्यातलं थेंबभरही कधी बाहेर निघालेलं नव्हतं.

म्हणजे दुसरा घाणा माझ्या अंगाला लागलाच नव्हता. तो अडतीस वर्षं स्वयंपाकघराचं दार धरून उभा होता.