फुग्याचे गाल

दादाला घरात सगळे फुग्या म्हणत, आणि कारण तोंडावरच होतं. तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. गेल्या काही वर्षांत त्याचे गाल वाजवणं थांबल्यावरही फुगलेलेच राहू लागले होते. वहिनी म्हणायची, "हे हवा आत घेतात, ती बाहेर सोडायला विसरतात." त्यावर सगळ्यात मोठ्याने हसायची ती त्याची धाकटी बहीण.

ही बहीण डॉक्टर होती. पण पेशंटचं तोंड बघणारी नव्हे, पेशंटचा तुकडा बघणारी. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर मायक्रोस्कोपला डोळे लावायचे आणि वरून आलेल्या तुकड्यात कॅन्सर आहे की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. दादा तिला भिंगू म्हणायचा. माणूस काचेवर चढल्याशिवाय हिला दिसत नाही, असा त्याचा आरोप होता, आणि तो अगदीच खोटा होता असं नाही.

मग दादा पिवळा पडला. स्कॅनमध्ये स्वादुपिंडात गाठ दिसली. तिने पित्ताची नळी दाबून धरली होती. सर्जनबाई आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. "कॅन्सरसारखी दिसतेय. सुईने तुकडा घेऊ, पण ऑपरेशनची तारीख आत्ताच धरून ठेवते."

ऑपरेशन लहानसहान नव्हतं. स्वादुपिंडाचा बराच भाग, पित्ताची नळी, आतड्याचा तुकडा, सगळंच काढायचं. दादाने एवढंच विचारलं, "नंतर फुंकता येईल ना?"

"आधी जगू या, मग फुंकू," सर्जनबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्याने ट्रम्पेट पेटीतून काढला, पुसला आणि न वाजवताच परत ठेवून दिला. 

तिच्या विभागात एक नियम होता. रक्ताच्या माणसाची स्लाइड आपण बघायची नाही, कारण माया आडवी आली की डोळ्यांना हवं तेच दिसतं. दरवर्षी नव्या डॉक्टरांना हा नियम तीच मोठ्या तोऱ्यात शिकवायची. आता तो तिच्याच गळ्यात पडला. दादाची स्लाइड तिच्या वरिष्ठांकडे गेली. त्यांना सगळे थांबाबघूसर म्हणत, कारण त्या दोन शब्दांशिवाय त्यांनी आजवर एकही मत दिलं नव्हतं. सर मायक्रोस्कोपवर वाकले. समोरच्या खुर्चीत भिंगू त्यांच्या चहावर धरत चाललेली साय बघत बसली.

"थांबा, बघू," सर अखेर म्हणाले. "कॅन्सरच्या पेशी नाहीत. व्रणासारखे धागे आहेत, आणि पांढऱ्या पेशींची तोबा गर्दी."

"मग कॅन्सर नाही असं लिहा ना."

"कसं लिहू? कॅन्सरच्या आजूबाजूलाही अशी गर्दी जमते. सुई गाठीच्या शेजारी लागली असेल तर?"

सरांचं बरोबर होतं, आणि त्याचाच तिला राग आला. दादाला भरती केलं होतं त्या वॉर्डात ती तरातरा गेली.

दादा पलंगावर बसून ट्रम्पेटचं नुसतं फुंकायचं तोंड वाजवत होता. बाकीचा ट्रम्पेट सिस्टरबाईंनी जप्त केला होता. तिला बघून तो थांबला. गाल तसेच राहिले. याच गालांवर ती इतकी वर्षं खिदळली होती. तिने पुढे होऊन त्याच्या जबड्याखाली बोटं दाबली. हवा असती तर दबली असती. हे टणक होतं, दोन्ही बाजूंना सारखंच.

"दुखतं का रे?"

"नाही गं. पण आज काचेशिवाय बघतेयस मला. एवढं वाईट आहे का?"

ती जिन्यावरून जवळजवळ धावतच खाली आली.

"सर, स्वादुपिंडात सुई चुकली असेल. जबड्याखाली चुकणार नाही, ती गाठ हाताला लागतेय. त्याच्या लाळेच्या ग्रंथी सुजल्यात. आम्ही सगळे ट्रम्पेटला नावं ठेवत बसलो."

सर एकदाही थांबा म्हणाले नाहीत. तिच्या मनात काय आहे ते त्यांना लगेच कळलं. शरीराची राखण करणाऱ्या पेशी कधीकधी घरच्यांनाच चोर समजतात. मग त्या स्वादुपिंडात शिरतात, लाळेच्या ग्रंथींत शिरतात. तो अवयव सुजतो, कडक होतो आणि हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. फरक एवढाच, की हा आजार बहुतेकदा गोळ्यांनी उतरतो.

जबड्याखालून तुकडा घेतला. दोन्ही तुकड्यांना त्या पेशी ओळखणारा खास रंग दिला, रक्तही तपासलं. सरांनी सगळं पाहिलं, रिपोर्टवर सही केली आणि दोघांनी बघायच्या मायक्रोस्कोपचं दुसरं भिंग तिच्याकडे वळवलं.

"दोन्हीकडे तीच मंडळी. माझी सही झाली, आता तुम्हाला बघायला हरकत नाही. या, दादाला बघा."

ती वाकली. तपकिरी रंगात न्हालेल्या पेशींची गर्दी तिला दिसली, आणि पुढच्याच क्षणी काही दिसेनासं झालं. सरांनी भिंग पुसायचं कापड पुढे केलं. तिने त्याने डोळे पुसले.

ऑपरेशन रद्द झालं. "माझं मोठं काम तुझ्या गालांनी पळवलं," सर्जनबाई दादाला म्हणाल्या, आणि इतक्या खुशीत त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. पिवळेपणा गेला, गाठ विरघळत गेली आणि गालही बसले. वहिनी त्याच्याकडे टक लावून बघत राहायची. "लग्नात असे होते हे. मी विसरलेच होते." आता याला फुग्या कसं म्हणायचं, हा घरात नवाच पेच पडला.

तो पेच फार टिकला नाही. त्याच गोळ्यांनी हळूहळू चेहरा गोल होतो, दादाचाही झाला. बँडच्या तालमीच्या खोलीत तो पहिल्यांदा परत उभा राहिला, तेव्हा सगळं घर भिंतीला टेकून बसलं होतं. त्याने एकच सूर धरला, लांबच लांब, खिडकीची काच थरथरेपर्यंत. मग ट्रम्पेट खाली घेतला. गाल तसेच राहिले.

वहिनीने तोंडावर पदर दाबला. भिंगू मात्र उठली, दादाजवळ गेली आणि आधी त्याच्या जबड्याखाली दोन्हीकडे बोटं दाबून पाहिली. सगळं मऊ लागलं. मग ती हसली, नेहमीसारखी, सगळ्यांत मोठ्याने.