आयुष्यभराची वॉरंटी

शरदिनीनं रुमालाची गाठ सोडली, आतला चाकू नीलकंठरावांच्या टेबलावर ठेवला आणि वाण्याकडे जिरं मागावं इतक्या सहज म्हणाली,

"ह्याची वॉरंटी घालवायची आहे."

नीलकंठरावांनी डोळ्यांवरचं भिंग कपाळावर सरकवलं. रेल्वेच्या कारखान्यात पस्तीस वर्षं सूक्ष्म कामाची हत्यारं बनवून हा गृहस्थ निवृत्त झाला होता आणि आता दूधविनायकाच्या गल्लीतल्या एका तळमजल्याच्या खोलीत बसून लोकांच्या महागड्या चाकूंना नव्या मुठी बसवून देत होता. गल्लीत ह्याची फारशी कुणाला खबर नव्हती. गिऱ्हाईकं सगळी लांबची, चाकू कुरियरनं यायचे. तीस-चाळीस हजारांचा परदेशी चाकू घ्यायचा आणि कंपनीची मूठ काढून तिथं गंगेतल्या मोडक्या नावेचं लाकूड लावून घ्यायचं, अशी हौस असलेली माणसं जगात आहेत, आणि ती आहेत म्हणून नीलकंठरावांचे दिवस मजेत चालले होते. काम हातात घेण्यापूर्वी ते प्रत्येकाला एकच गोष्ट बजावत: स्क्रू उघडला की कंपनी हात वर करते, मग पातं मोडो नाहीतर लॉक बिघडो. हे ऐकून निम्मे लोक माघार घेत. वॉरंटी जाऊ नये म्हणून गयावया करणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. घालवा म्हणून सांगायला आलेली ही पहिलीच.

"वहिनी, आधी बसा तर," ते म्हणाले. "चहा सांगू?"

शरदिनीला चहा नको होता. ती स्टुलावर टेकली आणि शाल सारखी केली. पौषातलं धुकं तिसऱ्या दिवशीही उठलं नव्हतं. गल्लीतून येताना समोरचं माणूस हाताच्या अंतरावर आल्याखेरीज दिसत नव्हतं आणि गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या बाजूनं नावाड्याची हाक येत होती, नाव मात्र कुठंच नव्हती. सात महिन्यांपासून तिला सगळंच थोडंफार असं दिसत होतं, त्यामुळे तिला त्याचं काही वाटलं नाही.

सात महिन्यांपूर्वी मोहनराव गेले. चाकू त्यांचा. ते बँकेतून निवृत्त झाले तेव्हा रुचानं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, बंगळुरूहून तो पाठवला होता. राखाडी टायटॅनियमची मूठ, अंगठ्यानं ढकलून उघडायचं पातं, आणि डबीत एक कागद: आयुष्यभराची वॉरंटी. रुचानं फोनवर बापाला चारचारदा सांगितलं होतं की वापरा, पाडा, काहीही करा, फक्त स्क्रूंना हात लावू नका. मोहनरावांनी तसं वचनही दिलं होतं.

दिवाळीत रुचा आली, तिनं बाबांच्या टेबलाच्या खणातून चाकू काढला, सहज हलवला, तर मिटलेलं पातं आपोआप खाली घसरलं आणि तिच्या बोटाला लागलं. बोटाला जरासंच लागलं होतं, पण पोरगी ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं. पाठवून द्या, दुरुस्त होण्यासारखा असेल तर करू, नसेल तर कोरा करकरीत नवा पाठवू. जुना परत मिळणार नाही. इकडचे तिकडचे कागद करण्यात पौष उजाडला, आणि आता उद्या अकरा वाजता कुरियरवाला घरी येणार होता.

"ह्यांच्या हातातला होता तो," शरदिनी म्हणाली. "नव्याला काय माहीत आहे?"

नको म्हणून सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. बापासाठी करण्यासारखं रुचाकडे एवढंच उरलं होतं. त्या पोरीनं रात्री-अपरात्री कुठल्या परदेशी माणसांशी बोलून हे जमवलेलं, आणि आईनं म्हणायचं की ठेव तुझी वॉरंटी? म्हणून मग ही युक्ती. मूठ बदलून टाकायची, लाकडाची बसवायची, कंपनीनंच घ्यायला नकार दिला की कुणाचंच मन मोडत नाही. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईनं आयुष्यात केलेली ही पहिली लबाडी, आणि तिची तिला थोडी मौजही वाटत होती.

नीलकंठराव हसले नाहीत. त्यांनी लाकडाचे तीन तुकडे पुढ्यात मांडले. तिनं सगळ्यात काळपट तुकडा निवडला. मग त्यांनी दिव्याखाली चाकू धरला, स्क्रूंना गरम हवेचा झोत दिला आणि बारीक पेचकस लावला.

त्या मंद घरघरीत शरदिनीचं मन सुटलं आणि भलतीकडे गेलं.

हिवाळ्यातल्या दुपारी दोघं पंचगंगेच्या पायऱ्यांवर उन्हाला बसत. मोहनराव खिशातून अमरूद, म्हणजे पेरू, काढत, मग चाकू, मग मिठाची पुडी. फोडी करून एक तिला, एक स्वतःला. खाली नदी डोळे मिटून पडल्यासारखी असे. बोलणं फार होत नसे. चिकुनगुन्या झाला त्या वर्षी मात्र तिचा उजवा अंगठा गेला. गेला म्हणजे जागेवर होता, पण त्यात जीव नव्हता. बटण लागेना, पेन धरवेना, बाटलीचं झाकण फिरेना. साधं दूध उतू जाताना तिला भांडं उतरवता आलं नाही तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसून रडली होती. मोहनराव रोज संध्याकाळी तिच्यासमोर तळहात धरत आणि म्हणत, दाब बघू अंगठा, पूर्ण जोर लाव. ती दाबायची. ते मान हलवत आणि उठून जात. तिला वाटे, हा त्यांचा धीर द्यायचा प्रकार.

आणि मग तो दिवस आला. पायऱ्यांवर बसल्या बसल्या त्यांनी मिटलेला चाकू तिच्या हातात दिला. म्हणाले, आज तू काप. तिनं वैतागून अंगठा लावला आणि पातं अलगद उघडलं. ती बघतच राहिली. परत मिटलं, परत उघडलं. पाच वेळा उघडलं असेल. हात बरा झाला होता. अंगठ्याला चोळायला वैद्यांनी दिलेल्या तेलाचा गुण म्हणून तिनं त्या तेलाची कीर्ती दूधविनायकापासून पंचगंगेपर्यंत पसरवली, अर्ध्या गल्लीला बाटल्या घ्यायला लावल्या, आणि मोहनरावांनीही दर महिन्याला नवी बाटली विनातक्रार आणून दिली. त्या दिवसापासून ती पुन्हा वही-पेन घेऊन बसायला लागली. डबे उघडायला अजून कुणीतरी लागायचं, पण हल्ली झाकणंच धड येत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

"वहिनी."

पेचकस थांबला होता. नीलकंठरावांनी चाकूचे दोन भाग कागदावर वेगळे ठेवले होते आणि त्यांच्याकडे ते ज्या तऱ्हेनं बघत होते ती तऱ्हा तिला आवडली नाही.

"मोडलं का काही?"

"मोडलं नाही. पण मी उघडायच्या आधीच हा कुणीतरी उघडलेला आहे. कंपनी स्क्रूला निळा गोंद लावते, इथं तो नाहीच. स्क्रूंची तोंडंही झिजलीत." त्यांनी तिला भिंग दिलं. "मतलब, वॉरंटी केव्हाच गेलीय. मी घालवायला काही शिल्लकच नाही."

मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. मुठीच्या आत एक पट्टी असते, ती पात्याला दाबून धरते. तिचा दाब असतो म्हणून पातं मिटलेलं राहतं, आणि तो दाब मोडून पातं उघडायला अंगठ्यात जोर लागतो. ह्या चाकूतली पट्टी बुडाशी घासून पातळ केलेली होती. दाब राहिला नव्हता. रुचाच्या बोटाला लागलं ते त्यामुळेच.

"हा बिघाड नाही," ते म्हणाले. "हे केलेलं काम आहे. करणारा कारागीर नव्हता, हे मात्र लगेच दिसतं. कानस एकाच बाजूनं चालवायची असते. इथं पुढे-मागे, पुढे-मागे घासलीय. पण घाई नाही केली त्यानं. थोडी घासायची, सगळं जोडायचं, अंगठ्यानं उघडून बघायचं, परत खोलायचं. पंचवीस-तीस वेळा तरी. दोन-चार महिने लागले असतील."

शरदिनीनं भिंगातून पाहिलं. बारीक बारीक रेघा होत्या, आडव्यातिडव्या. पहिलीतल्या मुलानं पाटी घासावी तशा.

"पण कशासाठी?" ती म्हणाली.

 नीलकंठरावांनी खणातून दुसरा चाकू काढला, त्याच कंपनीचा, त्याच घडणीचा, कुणा गिऱ्हाइकाचा. मिटलेलाच तिच्या हातात दिला.

"हा जरा उघडा."

तिनं अंगठा लावला. पातं हललं नाही. तिनं जोर केला. अंगठा थरथरला, पांढरा पडला, मनगटापर्यंत कळ गेली, आणि पातं जिथल्या तिथं राहिलं. तिनं डावा हात लावून पाहिला, मग पुन्हा उजवा. तिसऱ्यांदा तिनं प्रयत्न केला नाही. चाकू टेबलावर ठेवून तिनं हात शालीत घेतला.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. धुक्यात ती किती तरी वेळ ऐकू येत राहिली.

आधी तिला राग आला. साधासुधा नाही, चांगला कडकडीत राग. फसवलं मला, हे तिच्या मनात शब्दाशब्दानं उमटलं. दोन वर्षं हा माणूस समोर बसून तेलाचं कौतुक ऐकत होता आणि हूं हूं करत होता. रोज संध्याकाळी तळहात पुढे करून माप घेत होता. तिच्या अंगठ्यात बळ येईना, तेव्हा तिच्या बळाला पुरेल इतका चाकूच दुबळा करून ठेवला. लेकीला दिलेलं वचन मोडलं आणि ते कुणालाही कळू दिलं नाही. त्या पावसाळ्यात रोज दुपारी गच्चीवरच्या खोलीचं दार लावून ते पेन्शनवाल्यांचे कागद बघतात म्हणून ती खाली पावलं न वाजवता वावरत होती. भांडायला हवं होतं, कडाकडा भांडायला हवं होतं, आणि भांडायला माणूस नव्हता. तिचा चेहरा एकदम वाकडा झाला. नीलकंठरावांनी उगाचच दिवा पुसायला घेतला.

मग ते म्हणाले, "नवी पट्टी करून देऊ शकतो मी. पहिल्यासारखा घट्ट होईल. खिशात, पिशवीत, कुठंही ठेवा, धोका नाही."

"मग माझ्याच्यानं तो उघडणार नाही."

"नाही उघडणार."

"तर मग नको," शरदिनी म्हणाली. "जसा आहे तसा जोडून द्या. लाकूडही राहू दे."

त्यांनी स्क्रू एकेक करून परत बसवले. गोंद लावू का, असं विचारावंसं त्यांना वाटलं असावं, कारण हात बाटलीकडे गेला होता, पण त्यांनी तो मागे घेतला. ती निघाली तेव्हा त्यांनी चाकूला एक जाड चामडी म्यान दिलं, पातं घसरू नये म्हणून, आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही.

ती घराकडे न वळता घाटाकडे वळली. उतरताना एका पायरीपलीकडे काही दिसत नव्हतं, तरी पावलांना वाट ठाऊक होती. नेहमीच्या जागेवर दगड ओला होता. ती तशीच बसली. नदी समोर होती म्हणायची, एरवी सगळा कापूसच. त्या पांढऱ्यात कुठंतरी वल्ह्याचा आवाज येत होता आणि क्षणभर तिला असं वाटून गेलं की हे सगळं कुणीतरी तिच्यासाठी हलकं करून ठेवलं आहे, ही हवा, हा घाट, सगळंच. मग तिनं रुचाला फोन लावला.

"उद्या कुरियरवाल्याला पाठवू नकोस," ती म्हणाली. "वॉरंटी गेली."

रुचानं विचारलं, म्हणजे काय, कुणी सांगितलं, तू कुणाला उघडायला दिलास का. तिच्या आवाजात रडू जमायला लागलं होतं. आई, मी त्यात किती जीव घातला होता, असं काहीतरी ती म्हणत होती. शरदिनीनं सगळं ऐकून घेतलं. नीलकंठरावांवर ढकलता आलं असतं. सकाळी ठरवलेलं तेच होतं.

"बाबांनी उघडला होता," ती म्हणाली. "फार आधी. आतली पट्टी घासून पातळ केलीय त्यांनी. अलगद उघडावा म्हणून."

पलीकडचं रडू एकदम थांबलं.

"आई," रुचाचा आवाज आला, अगदी हळू. "तुझा अंगठा बरा झालाय ना?"

दोन वर्षं हा प्रश्न आला की शरदिनी हात वर करून अंगठा नाचवून दाखवत असे.

"नाही ग," ती म्हणाली. "तो बरा झालाच नव्हता."