दुकान वाढवताना

मंदाकिनीने भाजलेल्या फोकाचा पावाचा चौकोन मधोमध कापला, त्यावर तळलेल्या वांग्याच्या चकत्या मांडल्या, बांडेलचं धुरावलेलं चीज चुरून टाकलं, वरून मोहरीची झणझणीत कासुंदी फासली आणि सँडविच नवऱ्यापुढे सरकवलं. मुकुंदने ते डाव्या हाताने उचललं आणि वासही न घेता बशीत परत ठेवलं.

“एक घास तरी घ्या.”

“नको गं. गिळवत नाही.”

दुकानाचा निर्णय झाल्यापासून हेच चाललं होतं. तरुणपणी मुकुंद एका बड्या हॉटेलात इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली पाव भाजायला शिकला आणि कोलकात्यात सॉल्ट लेकमध्ये गाळा घेऊन त्याने हे दुकान थाटलं. म्हणायला इटालियन, पण कासुंदीशिवाय इथल्या माणसाच्या जिभेला चैन पडत नाही, हे ओळखण्याइतका तो हुशार होता. सेक्टर फाइव्हमधली आयटीची पोरं, सकाळी फिरायला निघालेले पेन्शनर, शाळेतून मुलांना आणणाऱ्या आया, सगळे त्याच्या दारात रांग लावत. ‘मुकुंददार बेगुन’, मुकुंददाचं वांगं, एवढं म्हटलं की रिक्षावालाही न विचारता इथे आणून सोडायचा.

गेल्या थंडीत मुकुंदला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. पीठ तो दुसऱ्या कुणाला मळू देत नसे. मंदाकिनीने मळलेलं त्याला कधी सैल वाटे, कधी घट्ट. शेवटी त्यानेच सांगून टाकलं की येत्या रविवारी दुकान शेवटचं उघडायचं. आणि गिऱ्हाइकांना सांगायचं नाही, उगाच रडारड नको. त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. घोटभर चहा, एखादं बिस्किट, की झालं. हा माणूस दुकानाबरोबर जाणार, असं मंदाकिनीला वाटायला लागलं. ती भ्याली होती, आणि भीती सांगायला घरात कुणी नव्हतं.

म्हणून तिने बंगळुरूला सुश्रुतला फोन लावला. बापलेकांचं बोलणं तुटलेलं होतं. सुश्रुतला पार्क स्ट्रीटला दुसरं, मोठं दुकान काढायचं होतं, आणि मुकुंद म्हणाला होता की मोठं झालं की हातची चव जाते. शब्दाने शब्द वाढला, आणि पोरगं बॅग भरून निघून गेलं.

“बाबांनी दुकान वाढवायचं ठरवलंय,” मंदाकिनीने फोनवर सांगितलं. ‘बंद’ हा शब्द तिच्या तोंडून निघेना. तिच्या माहेरी दिवा विझवत नसत, वाढवत. बांगडी फुटली म्हणत नसत, वाढवली म्हणत.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“बाबा आपणहून म्हणाले?”

“आपणहून.”

“मी येतो आई. रविवारी येतो.” त्याचा आवाज भरून आला होता. पोराला कळलं, म्हणून मंदाकिनीने डोळे पुसले. तेवढ्यात तो म्हणाला, “शेजारचा गाळा अजून खाली आहे ना? मधली भिंत पाडली की झालं.”

मंदाकिनीचा पदर डोळ्यांशीच राहिला. सुश्रुत इथल्या शाळेत शिकलेला, दुकानाचा सगळा कारभार बंगालीत. त्याच्या मराठीत वाढवणं म्हणजे मोठं करणं, बस. खरं सांगायला तिने तोंड उघडलं. पण खरं ऐकून तो म्हणाला असता, तेव्हा ऐकलं नाही ना माझं? आणि आला नसता.

“ये,” ती म्हणाली. “लवकर ये रे.”

रविवारी दुपारी तो आला, तो हातात मोजायची टेप घेऊनच. मुकुंद स्टुलावरून अर्धवट उठला.

“आलास? बरं झालं. आज तू हवाच होतास.”

“असल्या दिवशी नाही येणार, बाबा?”

दोघंही खरं बोलत होते, आणि मंदाकिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुश्रुतने वाकून नमस्कार केला, मुकुंदचा डावा हात त्याच्या पाठीवर बराच वेळ राहिला. मग सुश्रुत मधल्या भिंतीला टेप लावून मापं घ्यायला लागला. मुकुंद स्वतःशीच पुटपुटला, “हो, सामान हलवायला मापं लागतीलच.”

आता सांगावं, हे गिऱ्हाईक गेलं की सांगावं, असं करत मंदाकिनी पाव कापत राहिली. सकाळचं एक वांग्याचं सँडविच तिने मुकुंदसाठी बशीखाली झाकून ठेवलं होतं. मागचं त्याने टाकलं तरी नवं करायचं तिने सोडलं नव्हतं. बाकी वांग्याचा ट्रे संध्याकाळपर्यंत रिकामा झाला.

दिवेलागणीला नमितामाशी, सगळ्यांची बंगाली मावशी, आली. दुकान उघडलं त्या दिवसापासूनची गिऱ्हाईक. सुश्रुतला बघून तिने त्याची हनुवटीच धरली.

“की रे, कबे एली?” कधी आलास, असं तिने विचारलं.

“आजके, माशी.”

तिला नेहमीचं वांग्याचं हवं होतं. सुश्रुत ट्रेमध्ये डोकावला आणि हसला.

“बेगुन बाडोंतो, माशी.”

लहानपणी ह्याच काउंटरवर तो एकदा ‘नेई’, नाही, असं म्हणाला होता, तेव्हा माशीनेच त्याचा कान पिळला होता. चालत्या दुकानात संपलं म्हणायचं नाही. तांदूळ संपला तरी बंगाली बाई चाल बाडोंतो म्हणते, वाढता आहे म्हणते. “मोने आछे तोर!” लक्षात आहे की तुझ्या, म्हणत माशी खूश झाली आणि चिकनचं बांधून घेऊन गेली.

सुश्रुत मात्र काउंटरशीच उभा राहिला. ओठातल्या ओठात तो ‘बाडोंतो’ म्हणाला. मग हळूच, मराठीत, “वाढवायचं.” त्याने रिकाम्या ट्रेकडे पाहिलं, बापाच्या लुळ्या हाताकडे पाहिलं आणि आईकडे वळला.

“तू सांगितलं होतंस मला.”

“हो.”

“मला कळलं नाही.”

“मी कळू दिलं नाही,” मंदाकिनी म्हणाली. आता हा बॅग उचलेल, असं तिला वाटलं. बॅग दाराशीच होती.

सुश्रुतने बटण दाबलं, टेप सर्रकन आत गेली. ती खिशात टाकून तो मुकुंदच्या स्टुलाजवळ जमिनीवर बसला आणि बापाचा उजवा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्या हाताला काही कळत नव्हतं, तरी मुकुंद त्याकडे बघत राहिला.

“बाबा, शटर मी ओढू?”

“एकटा नको. आपण ओढू.”

शटर खाली आलं. बाहेरची रहदारी एकदम दूर गेल्यासारखी झाली. मुकुंद धापा टाकत टेबलाशी बसला, डाव्या हाताने त्याने कपाळ पुसलं. मग त्याने झाकलेल्या बशीकडे बोट केलं.

“मंदा,” तो म्हणाला, “वाढ.”

सुश्रुतने दचकून आईकडे पाहिलं. त्याला आता त्या शब्दाची धास्तीच बसली होती.

“जेवायला मागतायत रे,” मंदाकिनी म्हणाली, आणि तिने वरची बशी उचलली.