बँकरचे टन

फोरमनने शेडची दुरुस्तीची वही भंगाराच्या यादीवरच आपटली आणि न विचारता खुर्ची ओढून बसला.

"वाचा, आकडेसाहेब. आजारी आहे म्हणताना आधी नाडी तरी बघायची."

आकडेसाहेब हे नाव शेडमधलं. मालगाड्यांची कुठली इंजिनं ठेवायची आणि कुठली काढायची, हे ठरवणं त्याचं काम. पूर्वी हे नाव पाठीमागे घ्यायचे, आता तोंडावर घेत. त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

वही त्याने पानापानाने वाचली. एकेचाळीस सतरा नंबरचं इंजिन. मोटारी ठीक, ब्रेक ठीक, चाकं दोन वर्षांपूर्वीच बदललेली. सहा महिन्यांत इंजिन एकदाही रस्त्यात बंद पडलं नव्हतं. तरी कामगिरीच्या तक्त्यात ते सगळ्यात खाली होतं. त्याच्याच वयाची इतर अकरा इंजिनं महिन्याला जेवढे टन ओढत, त्याचा दहावा हिस्साही एकेचाळीस सतराच्या नावावर नव्हता. नवी इंजिनं येणार होती, जुन्यांतली चार जाणार होती. यादी बाराच्या आत वर द्यायची होती.

एकेचाळीस सतरा गेलं तर चढावरची छोटी शेड बंद पडणार होती. तिथले सहाजण कुठे फेकले जातील, हे फोरमनला ठाऊक नव्हतं. शेडचं सांगायलाच तो आला होता, पण बोलता बोलता वैतागला आणि त्याने चहा मागवला.

"काम काय करतं ते?" आकडेसाहेबाने विचारलं.

"बँकर आहे. गाडी चढाला लागली की मागून जोर देतं. वर पोचवतं आणि रिकामं खाली येतं. दिवसाला सहा-सात खेपा."

मग कोडं सुटलंच, असं त्याला वाटलं. टन धरायचे ते पुढच्या इंजिनाच्या नावावर, हा नियम. नियम त्यानेच केलेला, बारा वर्षांपूर्वी. मागून ढकलणाऱ्याच्या वाट्याला शून्यच यायचं. त्याने तसं फोरमनला समजावलं.

फोरमनने कप खाली ठेवला.

"सहा वर्षं बँकरच आहे ते. मग सहा वर्षं शून्यच असायला हवं होतं."

ते बरोबर होतं. त्याने जुने तक्ते काढले. सहा वर्षं एकेचाळीस सतराचे टन चांगले होते, दर महिन्याला जवळपास सारखे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते एकदम खाली आले आणि पुन्हा वर गेले नाहीत. त्याने तारीख दोनदा बघितली. फोरमननेही बघितली आणि खिडकीकडे तोंड वळवलं. त्या आठवड्यात आकडेसाहेब कार्यालयात नव्हता. फोरमन त्याच्या घरी येऊन गेला होता, दारात उभा राहून, चपला हातात घेऊन.

"वहिनींच्या टेबलावर आता कोण बसतं?" फोरमनने विचारलं.

"कुणीच नाही. कागद आता थेट मशीनमध्ये जातात."

तो खाली नोंदणीच्या खोलीत गेला. बायको बावीस वर्षं तिथे बसायची. गाड्यांचे कागद तिच्याकडे यायचे, आकडे त्याच्याकडे वर जायचे. खोली स्वच्छ होती. ते त्याला आवडलं नाही. टेबलावरच्या फोनला एक कागदाची पट्टी चिकटवलेली होती. चढावरच्या सिग्नल केबिनचा नंबर, खाली तिच्या अक्षरात 'सोमवार अकरा'. चढाच्या केबिनशी तिचं काय काम, हे त्याला कळेना.

त्याने नंबर लावला. तो काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला.

"काय ताई, विसरलात की काय आम्हाला?"

त्याने आपण कोण ते सांगितलं. पद सांगितलं, मग नातंही सांगितलं. पलीकडच्या माणसाने ताई रजेवर आहेत का विचारलं. ती फेब्रुवारीत गेली, एवढंच त्याने सांगितलं. केबिनमधली दुसरी कुठलीतरी घंटा वाजून बंद झाली.

मग तो माणूस सांगत गेला. ताई दर सोमवारी बँकरच्या खेपा विचारायच्या आणि प्रत्येक गाडीतले थोडे टन त्याच्या नावावर घालायच्या. जड गाडी असेल तर निम्मे, हलकी असेल तर तिसरा हिस्सा. पुढच्या इंजिनाचे तेवढेच कमी करायच्या. साहेबांना ठाऊक आहे, असं म्हणायच्या.

साहेबांना ठाऊक नव्हतं. एवढंच आठवलं की एकदा जेवताना तिने विचारलं होतं, मागचं इंजिन काय नुसती हवा खातं का. त्याने ते हसण्यावारी नेलं होतं, आणि तिने त्याला अजून एक पोळी वाढली होती. पुढची सहा वर्षं तो त्या आकड्यांवर इंजिनं ठेवत होता आणि काढत होता. त्यांतले आपले निर्णय कुठले, हे आता त्याला सांगता आलं नसतं.

"आम्ही खेपा लिहून ठेवल्यात," केबिनवाला म्हणाला. "चोवीस सोमवारच्या. विचारतील कधीतरी म्हणून."

वर फोरमन यादी अडवून बसला होता. बाराला वीस मिनिटं होती. खाली आकडेसाहेबाने फोन कानाशी धरूनच तिची खुर्ची ओढली, बसला, खणातून पेन्सिल काढली.

"जड म्हणजे किती डब्यांची धरायची?"

"ते ताई ठरवायच्या. आम्ही नुसते डबे सांगायचो."

त्याने कोऱ्या कागदावर एकेचाळीस सतरा लिहिलं. पेन्सिल तशीच थांबली.

"बरं," तो म्हणाला. "पहिली गाडी सांगा. सावकाश सांगा."