न पाठवलेला चौकोन

व्हिडिओचा आकार लहान करणं हे त्याचं काम, आणि त्यात तो इतका चिक्कू की ऑफिसात त्याला काटकसऱ्याच म्हणत. चित्राचे बारीक चौकोन पाडायचे, बदलले तेवढेच पाठवायचे, बाकीचे जुनेच पुन्हा दाखवायचे. पण कुठला चौकोन खरंच बदलला आणि कुठला कॅमेऱ्याच्या खरखरीने थरथरला, हे नीट तपासायचं म्हटलं की स्वस्तातल्या फोनची दमछाक व्हायची. फोन तापत, मध्येच बंद पडत. म्हणून त्याने सोपा उपाय काढला: जरासंच हललं तर हललंच नाही असं धरायचं. चाचणीला बसवलेल्या माणसांना फरक कळला नाही. साहेबांनी पाठ थोपटली, तोही हुरळून गेला. आता हुरळण्यासारखंच होतं ते.

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा त्याने ताईकडे तसलाच एक स्वस्तातला फोन पाठवून दिला. रविवारी ताई व्हिडिओ कॉल लावून तो आईसमोर धरायची. आई उशीला टेकून नुसती बघत राहायची, दगडासारखी. तो हाका मारायचा, लहानपणीच्या खोड्या सांगायचा आणि शेवटी फोन ठेवून द्यायचा. ताई ये म्हणाली की तो म्हणायचा, तिला मी ओळखूच येत नाही, येऊन काय करू? खरं तर त्याला तिच्या त्या कोऱ्या चेहऱ्याची भीती वाटायची.

मग एक दिवस ताईने कळवलं की डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा कुठे तो धावला.

खाटेशी बसल्यावर ताई म्हणाली, "आलास ते बरं झालं. फार वाट बघत होती तुझी."

"तिला कुठे काय कळतं, ताई?"

"असं काय बोलतोस? तू 'आई' म्हटलंस की बोट हलवायची ना. पांघरुणावर, हळूच. तेवढंच तर हलत होतं तिचं. तुला दिसत नव्हतं?"

दिसणार कसं? बोट एवढंसं, हालचाल त्याहून एवढीशी. दर रविवारी आई ओ देत होती आणि त्याचाच नियम ती ओ खरखर म्हणून गाळत होता.

"नव्हतं," तो म्हणाला. "ते मीच बंद केलं होतं."

ताईला त्यातलं काही उमगलं नाही, आणि तिला समजावून सांगायचं त्याच्यात बळ नव्हतं. तो आईच्या हाताशी वाकला. "आई," म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला. आता मध्ये फोन नव्हता, काहीच नव्हतं. तो त्या बोटावरची नजर काढेना.

ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कालपासून तेही थांबलंय रे."